आबांचे तीस टक्के

“आपन ठिबकले ॲसिड देतस ना? बस. हाई बी तसंच शे.”

ओसरीवर नाना हे म्हणाले तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. मधल्या दाराला पडदा होता. माणसं दिसत नव्हती, पण आवाज नीट येत होते. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे चुलतभाऊ. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, आणि दोन्ही घरांत त्यांचा शब्द शेवटचा. माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. नानांचं ऐकून आबा हसले आणि म्हणाले, “म्हनीसन तं मी गोया बंद करी दिन्यात. बारा दिन व्हयनात.”

मी गाळणी तशीच धरून उभी राहिले. चहा कपातून बशीत आणि बशीतून ओट्यावर गेला.

“काय करी ऱ्हायनी?” आई म्हणाली. मी फडक्यानं ओटा पुसला, ट्रे उचलला, ओसरीवर जाऊन दोघांपुढे कप ठेवले आणि परत आत आले. बारा दिवस आबांनी हृदयाच्या गोळ्या घेतल्या नव्हत्या, आणि त्या कशासाठी आहेत हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

ते कसं, ते सांगायला हवं.

आमचं गाव शिरपूरपासून सहा-सात मैलांवर. घरची केळी आणि कपाशी. पण मी वाढले जळगावला, मामांकडे. आबांना वाटलं, पोरीला इंग्रजी शाळेत घालावं. पहिलीपासून कॉलेजपर्यंत मी तिथेच राहिले आणि सुट्टीत गावी येत गेले. शाळेत मराठी बोललं की हातावर पट्टी बसायची. गावी आलं की सगळे अहिराणी बोलायचे. मला ती कळायची सगळी, पण तोंडून यायची ती अर्धी मराठी होऊन. नऊ वर्षांची असताना एका लग्नात मी चार माणसांसमोर अहिराणीत काहीतरी बोलले. काय ते आता आठवत नाही, हसू तेवढं आठवतं. नानांनी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. त्यात वाईट हेतू काही नव्हता, सगळे कौतुकानंच हसत होते. पण मी त्यानंतर अहिराणी बोलले नाही. जळगावात इंग्रजी चुकेल म्हणून गप्प, गावात अहिराणी चुकेल म्हणून गप्प. नाना मला ‘मॅडम’ म्हणायला लागले, आणि मॅडमनं कमी बोलावं हेही सगळ्यांना पटलं.

बी.एस्सी. झाले आणि गावी परत आले. त्याच वर्षी श्रावणात केळीची कापणी चालू असताना आबांच्या छातीवर दाब आला. घड डोक्यावर घेऊन ते बांधापर्यंत आले आणि खाली बसले. म्हणाले, काल रात्रीची मिरची बाधली. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. शिरपूरच्या डॉक्टरांनी छातीला तारा लावून हृदयाची पट्टी काढली आणि धुळ्याला पाठवलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी त्यांना चालत्या पट्ट्यावर चालवलं, तरी शंका फिटेना. मग मुंबईला नेऊन, मांडीतून नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. त्याचा टाइप केलेला इंग्रजी रिपोर्ट घेऊन आम्ही दिवाळीच्या आधी पुन्हा धुळ्याला गेलो. आबा, नाना आणि मी. “कागद वाचाले मॅडम पाहिजेच,” असं नाना म्हणाले, म्हणून मी.

डॉक्टर पन्नाशीचे, शांत. रिपोर्ट वाचून त्यांनी आबांना आधी मराठीत सांगितलं, “घाबरायचं कारण नाही. ऑपरेशन नको, काही नको. दोन गोळ्या देतो, त्या सोडायच्या नाहीत. विडी बंद. तेल कमी. रोज चालायचं.” आबांनी हात जोडले. मग डॉक्टरांनी मला विचारलं, काय शिकलीस? मी सांगितलं. तेव्हा त्यांना बरं वाटलं असावं. आबांना आणि नानांना बाहेर बसायला सांगून त्यांनी चिठ्ठीच्या कागदाची मागची बाजू वर केली आणि इंग्रजीत बोलायला लागले.

त्यांनी दोन समांतर रेघा काढल्या. “लोकांना वाटतं, ही नळी आहे आणि तिच्यात गाळ साचतो. तीस टक्के गाळ, चाळीस टक्के गाळ, शंभर झाला की संपलं. तसं नाही.” मग एका रेघेच्या आत, म्हणजे नळीच्या भिंतीतच, त्यांनी एक फुगीर गोळा काढला. “चरबी इथं असते. सालीच्या खाली. गळू असतं तसं. वर पातळ पापुद्रा. तुझ्या वडिलांचं हे गळू लहान आहे, वाट तीस टक्क्यांनी अरुंद झालीय. रक्ताला त्याची अडचण होत नाही. त्या दिवशीचा दाब याच्यामुळे होता असंही मी म्हणणार नाही. पण त्या निमित्तानं हे आपल्याला दिसलं, ते बरं झालं.”

मी विचारलं, म्हणजे हे हळूहळू वाढणार का?

“एखाद्याचं जन्मभर तीसच राहतं. एखाद्याचं वर्षानुवर्षं जागचं हलत नाही आणि एक दिवस तो पापुद्रा फाटतो. फाटला की शरीराला वाटतं जखम झाली, आणि रक्त तिथं गोठतं, खपली धरते तसं. तीसचे शंभर व्हायला मग वर्षं लागत नाहीत, काही मिनिटं लागतात. पुष्कळ झटके अशा लहान गळवांतूनच येतात.” त्यांनी गोळ्यावर एक छोटी फाट काढली. “ही पांढरी गोळी रक्त तिथं गोठू नये म्हणून आहे. दुसरी गळू निवावं आणि पापुद्रा जाड व्हावा म्हणून. चालणं, विडी सोडणं हेही त्याचसाठी. हे सगळं केलं तर वाईट घडण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. ही चांगली बातमी आहे, लक्षात घे. आपल्याला आधीच कळलंय.”

तो कागद त्यांनी मला दिला. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला.

बाहेर आले तर दोघं बाकावर बसलेले. आबांच्या हातात टोपी होती, आणि ते ती एकसारखी गोल फिरवत होते. नानांनी विचारलं, “डॉक्टरनी काय सांगं?”

माझ्या डोक्यात सगळं इंग्रजीत होतं. पापुद्र्याला, गोठण्याला, फाटण्याला मी अहिराणीत शब्द शोधत होते, आणि आसपास आठ-दहा अनोळखी माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, “तीस टक्के आहे. ऑपरेशन नाही.”

नानांनी मांडीवर थाप मारली. “तीस? आरे, तीस टक्केमा पोऱ्या नापास व्हस! पस्तीस बी नई! तुना आजार नापास व्हयना!”

बाकावरची सगळी माणसं हसली. आबाही हसले आणि त्यांनी टोपी डोक्यावर घातली. श्रावणापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्या हसण्यात मला उरलेलं अर्धं घालता आलं नाही. घरी गेल्यावर सांगू, असं ठरवलं. एसटीत सोनगीर गेलं, नरडाणा गेलं, तापीचा पूल गेला. आबा खिडकीशी बसून वाऱ्यावर डोळे मिटून होते. घरी गेल्यावर नाना आमच्या आधी ओसरीवर चढले आणि आईला म्हणाले, “आजार नापास!” आईनं देवापुढे साखर ठेवली. आता काय सांगणार, म्हणून तो दिवस गेला. मग दुसरा गेला. सांगायची गोष्ट एकदा शिळी झाली की ती काढायला आणखी धीर लागतो.

गावभर ते वाक्य झालं. आबा रस्त्यानं दिसले की कोणीतरी ओरडायचं, “काय आबा, नापास का पास?” आबा ओरडून उत्तर द्यायचे, “नापास, नापास!”

विडी मात्र त्यांनी त्याच दिवशी सोडली होती, हे खरं. सकाळी मळ्यापर्यंत चालतही जायचे. गोळ्याही घेत होते महिनाभर. मग नानांच्या ओळखीचं कोणीतरी मुक्ताईनगरकडून लसूण, आलं आणि लिंबाच्या काढ्याची कृती घेऊन आलं. रक्तवाहिन्या आतून धुऊन निघतात म्हणे. आणि नानांनी तो काढा आबांना ज्या भाषेत समजावला, त्या भाषेला आबांकडे उत्तर नव्हतं, कारण ती त्यांची स्वतःचीच होती.

आमच्या शिवारात ठिबक पहिल्यांदा घालणाऱ्या चार-पाच जणांत आबा होते. तेव्हा लोक बघायला यायचे. थेंबाथेंबानं केळी जगते का, म्हणून हसायचेही. आमच्या विहिरीचं पाणी क्षाराचं. नळ्यांमध्ये आणि थेंब पडतो त्या बारीक भोकात पांढरा थर धरायचा आणि झाडं तहानेली राहायची. त्यावर उपाय म्हणजे ॲसिड. बेतानं मोजून पाण्याबरोबर नळ्यांत सोडायचं, मोटार बंद करून रात्रभर तसंच राहू द्यायचं, आणि सकाळी नळ्यांच्या टोकांची बुचं काढून जोरात पाणी सोडायचं. आधी दुधासारखं गढूळ पाणी येतं, मग स्वच्छ. सुट्टीत आले की आबा मला एक बूच काढायला द्यायचे. पाणी निवळून नळी मोकळी झाली की म्हणायचे, “दख, मोकयी व्हयनी.” माझ्या लहानपणातला त्यांचा सगळ्यात खूश चेहरा तोच.

त्यामुळे नाना म्हणाले की काढा म्हणजे नळीला ॲसिड, आणि आबांना ते पटलं, यात आबांचं काय चुकलं? मी त्यांना नुसते टक्के सांगितले होते. गळवाचं सांगितलंच नव्हतं.

आबांनी गोळ्या बंद केल्याचं पडद्याआडून ऐकल्यानंतर मी चार दिवस निरनिराळे उपाय केले. जेवताना ताटात वाटीशेजारी गोळ्या ठेवल्या. आबांनी त्या सदऱ्याच्या खिशात टाकल्या, म्हणाले, “घेस मंग.” दुसऱ्या दिवशी धुवायच्या कपड्यांत त्या सापडल्या. आईला सांगून पाहिलं, माझ्या पुस्तकी मराठीत. ती म्हणाली, “नानांनी सांगं ना? आनि तीसच तं शे.” मग मी चिठ्ठी लिहायला बसले. ‘रक्तवाहिनीच्या अंतःस्तरामध्ये’ इथवर आले आणि स्वतःचंच वाक्य वाचून फाडून टाकलं. आबा सातवी शिकलेले. अंतःस्तर म्हणजे काय हे मला तरी कुठे माहीत होतं, इंग्रजी शब्दाला शब्द लावला होता नुसता.

पाचव्या दिवशी मी गावातल्या नव्या एसटीडी बूथवर गेले. काचेचं दार नीट लागत नव्हतं आणि बाहेर बाकावर तीन माणसं बसली होती. धुळ्याला डॉक्टरांना फोन लावला आणि इंग्रजीत बोलले. तेवढा एकच फायदा त्या इंग्रजीचा, बाहेर कोणाला काही कळलं नाही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. वाटलं होतं, रागावतील. पण ते म्हणाले, “काढा पिऊ दे. लसूण-लिंबानं त्यांचं काही बिघडत नाही. गोळीच्या जागी तेवढा नको. गोळीच्या जोडीला चालेल.” मग थोडं थांबून विचारलं, “मी तुला जे चित्र काढून दिलं, ते त्यांना दाखवलंस का?”

मी म्हणाले, नाही.

“मग त्यांना कसं कळणार? रिपोर्ट वाचायचं काम माझं होतं, मी केलं. तो घरी पोचवायचं काम तुझं होतं.”

मी बाहेर आल्यावर, नोकरीचा फोन समजून बूथवाल्यानं विचारलं, “जॉबनं का?” मी होकारार्थी मान हलवली.

त्या आठवड्यातच मळ्यात भरीत ठरलं. आमच्याकडे थंडी पडली की भरीत मळ्यातच होतं आणि ते पुरुष करतात. दोन्ही घरांची माणसं आणि दोन-तीन पाहुणे होते. भरीत आबाच करणार, हे न बोलता ठरलेलं. आदल्या दिवशी केळीला ॲसिड दिलं होतं. म्हणून सकाळी आधी नळ्या धुवायच्या आणि मग चूल, असा बेत होता.

मी आईबरोबर डोक्यावर पुऱ्यांच्या पिठाचं पातेलं घेऊन पोचले तेव्हा आबा टोकाची बुचं काढत होते. मला बघून त्यांनी हाक मारली. एक बूच माझ्यासाठी ठेवलं होतं. मी बावीस वर्षांची होते, तरी ठेवलं होतं. मी ते ओढलं. गढूळ पाणी साडीवर उडालं, मग निवळलं.

“दख, मोकयी व्हयनी,” आबा म्हणाले. आणि स्वतःच्या छातीवर दोन बोटं ठोकून पाहुण्यांना म्हणाले, “हाई बी.”

सगळे हसले. कोणाच्या तरी कुदळीनं तुटलेला नळीचा एक तुकडा तिथं पडला होता. नानांनी तो चाकूनं उभा चिरून पाहुण्यांना दाखवला. आत पांढरा थर होता. नखानं खरवडला की भुगा होऊन पडत होता. “आठे बसस,” नाना म्हणाले, “आनि ॲसिडनं निंघी जास.” तो तुकडा हातोहात फिरून माझ्याकडे आला. मी तो हातात धरून चुलीकडे गेले.

कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ लागला होता आणि आबा वांगी मांडत होते. आमच्याकडची भरिताची वांगी हिरवी, पांढरट, हातभर मोठी. भाजण्याआधी त्यांना चाकूनं टोचे मारायचे आणि तेलाचा हात फिरवायचा. नाहीतर साल फुटते. आबा हे कधी विसरत नाहीत. पण त्या दिवशी पाहुण्यांपैकी एकानं मदत म्हणून चार वांगी तशीच जाळावर टाकली. मी चुलीशी उकिडवी बसून बघत होते. त्यातलं एक वांगं वरून अगदी चांगलं दिसत होतं. साल तुकतुकीत, कुठे डाग नाही. एका जागी मात्र साल किंचित फुगली. मग फट्‌ करून फुटली आणि आतला गर राखेत सांडला. काड्या चरचरल्या आणि धूर झाला.

“टोचं नई मारं कोनी?” आबा ओरडले.

“एक फुटनं तं काय व्हस?” पाहुणा म्हणाला.

माझ्या एका हातात नळीचा तुकडा होता, आणि समोर ते वांगं. डॉक्टरांच्या कागदावरची आकृती पर्समध्ये होती, पर्स घरी. पण मला ती लागणार नव्हती. छाती धडधडत होती, इतकी की आता मलाच धुळ्याला न्यावं लागेल असं वाटलं. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, “आबा, क्षार नळीमा ऱ्हास. तुमनं नळीमा नई.”

‘नळी’ला अहिराणीत ‘नयी’ म्हणतात, हे माझ्या तोंडून निघून गेल्यावर आठवलं. आईच्या हातातली पुरी हातातच राहिली.

“मॅडम बोलन्यात!” नाना म्हणाले.

कोणीतरी हसलं. मला वाटलं, झालं. पण आबा हसले नाहीत. ते हातातला चिमटा खाली ठेवून माझ्याकडे बघत होते. “बोलू दे तिले,” ते नानांना म्हणाले. नानांना असं कोणी म्हणालेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

मग मी बोलले. अर्धी अहिराणी, अर्धी मराठी, मध्ये दोनदा इंग्रजी. नळीचा तुकडा त्यांच्यासमोर धरून सांगितलं की हा थर वर बसतो, म्हणून ॲसिडनं निघतो. आणि फुटलेलं वांगं दाखवून सांगितलं की आबांचं आहे ते असं आहे, सालीच्या खाली. वरून वाट मोकळीच दिसते, सत्तर टक्के मोकळी आहेच. पण साल फुटली तर तिथं रक्ताची खपली धरेल आणि वाट एका घटकेत बंद होईल. काढा सालीखाली पोचत नाही. पांढरी गोळी ती खपली धरू देत नाही, आणि दुसरी साल जाड करते.

“तीसले बी फुटस?” आबांनी विचारलं.

“फुटू शकतं. आणि जन्मभर फुटणारही नाही. म्हणून तर गोळी. टोचे मारता ना तुम्ही, तेल लावता ना? सगळी वांगी काही फुटत नाहीत. तरी सगळ्यांना लावता.”

आबांनी चिमटा उचलून ते फुटलेलं वांगं राखेतून बाजूला काढलं.

“हाई तवय कसाले नई सांगं?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

“माले बोलता नई येस,” मी म्हणाले. ते वाक्य मात्र बिनचूक आलं.

नाना खाकरले. त्यांनी नळीचा तुकडा माझ्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि बांधापलीकडे फेकला. “म्हंजे काढा बंद का?” त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा बघून मला डॉक्टरांचं फोनवरचं बोलणं किती शहाणपणाचं होतं ते कळलं. मी म्हणाले, काढा चालू ठेवा, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलंय, फक्त गोळीच्या जोडीला. नानांचे खांदे खाली आले. “तं मंग! काढा बंद करा आसं डॉक्टर बी नई म्हनना,” ते पाहुण्यांना म्हणाले, जणू वाद तेवढाच होता.

“आनि भरीत?” आबांनी मला विचारलं. खरी काळजी त्यांच्या डोळ्यांत त्या दिवशी पहिल्यांदाच दिसली. आईला हसू आलं. मी म्हणाले, खा, पण वरून तेलाची धार नको. आबांनी तेलाची किटली उचलली, तिच्याकडे एकदा बघितलं आणि नानांच्या हातात दिली.

मग त्यांनी वांगी सोलली. बडगीत, म्हणजे लाकडाच्या उखळात, हिरव्या मिरच्या आणि लसूण कुटून वांगी घोटली, वर कांद्याची पात टाकली. केळीच्या पानांवर पंगत बसली. माझ्या पानावर पहिला घास आबांनी वाढला. बिनतेलाचं भरीत जरा कोरडं लागत होतं, ते कोणी बोललं नाही. नाना बोलले, पण ते बोलणारच.

या गोष्टीला आता चौथं वर्ष चालू आहे. रोज सकाळी आबा काढ्याचा पेला आणि दोन गोळ्या शेजारीशेजारी ठेवतात, आणि आधी गोळ्या घेतात. वर्षातून एकदा धुळ्याला जाऊन पट्ट्यावर चालून येतात. मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले, “हे तर माझ्यापेक्षा जास्त वेळ चालतात.” गावात अजून कोणी विचारलं की आबा ‘नापास’च म्हणतात. पण पुढे एक वाक्य जोडतात, “पन अभ्यास चालू शे.” आणि आता धुळ्याला जायचं असलं की गावातली माणसं आपापल्या रिपोर्टांची पाकिटं घेऊन आमच्या ओसरीवर येतात. मी वाचते आणि सांगते. चुकते तिथं हसतात. मीही हसते.

पण त्या दुपारी यातलं काहीच घडलेलं नव्हतं. जेवणं झाली होती, चूल विझत आली होती. आई भांडी गोळा करत होती आणि नाना बांधावर आडवे झाले होते. आबा हात धुवून माझ्याजवळ आले आणि त्यांनी तळहात पुढे केला. गोळ्या मी रुमालाच्या गाठीत बांधून आणल्या होत्या, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. मी गाठ सोडून दोन गोळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या. ते तांब्या उचलून थोडे थांबले. मी अजून काही सांगेन, अशी वाट बघत असावेत. सांगायचं सगळं सांगून झालं होतं. एकच राहिलं होतं, आणि त्याला डॉक्टर लागत नव्हते, कागद लागत नव्हता. नाना ऐकतायत हे माहीत असूनही मी मोठ्यानं म्हणाले,

“ल्या आबा. माले अजून लई वरीस तुमना हातनं भरीत खानं शे.”